बालाघाटाच्या पाठीवरून

तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर आणि लोहा या कसब्यांना स्पर्श करीत नांदेडला गोदावरीच्या काठी उतरणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ या नावाने सरकारी दप्तरात नोंदलेला आहे. ज्या पठारावरून तो जातो त्या बालाघाटाला पुण्या-मुंबईकडचा प्रवासी बहुधा एकच विशेषण लावतो, ते म्हणजे ओसाड. रेल्वेच्या डब्यातून किंवा एस.टी.च्या खिडकीतून दिसणारे झाडाविना पसरलेले माळ, उन्हात करपलेली कुसळे आणि क्षितिजापर्यंत एकही गाव न दिसणारी शिवारे पाहून त्याच्या तोंडी हे विशेषण येत असल्यास नवल नाही. परंतु मार्गशीर्षाच्या अखेरीस मोटारसायकलीवरून हा मुलूख ओलांडल्यानंतर माझी अशी दृढ धारणा झाली आहे की, येथे रिकामे असे काहीच नाही, आणि जे ओसाड वाटते ते पाण्याला धरून ठेवण्यासाठी माणसाने शतकानुशतके केलेल्या, कधी सफल तर कधी विफल ठरलेल्या खटपटीचे दृश्य रूप आहे.

मोटारसायकल मी मुद्दाम निवडली होती. मोटारीच्या काचेआडून हे पठार सपाट भासते, आणि ते सपाट नाही हे दुचाकीवर बसल्याशिवाय शरीराला कळत नाही. चढ लागला की इंजिनाचा सूर जड होतो, उतार लागला की तो मोकळा होतो, आणि दोन उंचवट्यांमधील खोलगटीत शिरताच अंगावर येणारा थंड, ओलसर वारा तेथे कोठेतरी ओढा असल्याची वार्ता ओढा दिसण्यापूर्वीच देऊन जातो. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असून नांदेड ३६० मीटरांच्या आसपास आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि तो उतार टप्प्याटप्प्याने स्वतःच्या मनगटांत जाणवणे निराळे.

बालाघाटाच्या यमुनाचल नावाच्या डोंगराच्या उतारावर तुळजाभवानीचे मंदिर आहे. सोलापूरहून येणाऱ्या भाविकाला आज देवीच्या पायथ्यापर्यंत कोणी अडवीत नाही. पण १९४७ पर्यंत सोलापूर इंग्रजी अमलात आणि १९४८ पर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यात होते, आणि दोहोंच्या मध्ये करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी होती. सरहद्द ओलांडली की नाणे बदले, इंग्रजी रुपयाच्या जागी हाली सिक्का येई; कलेक्टराच्या जागी अव्वल तालुकदार येई; आणि कचेरीतील फिर्याद मराठी रयतेची असली तरी तिचा कागद उर्दूत लिहिला जाई. हैदराबाद संस्थान विलीन होऊन या सरहद्दीचे राजकीय प्रयोजन १७ सप्टेंबर १९४८ ला संपले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा घटक झाला. तथापि महसुलाच्या जुन्या कागदांत, जमिनीच्या वादांत आणि वृद्धांच्या बोलण्यात निजामी अजून भेटते. वाटेत चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या शेताचा इतिहास सांगताना पैमाईश, इनाम, कूळ, वहिवाट असे एकामागून एक शब्द ज्या सहजतेने उच्चारले, ती एखाद्या मुरलेल्या वकिलालाही साधली नसती.

तुळजापूर मागे पडल्यावर औशापर्यंतचा रस्ता काळ्या जमिनीचा आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून थरांवर थर साचून झालेल्या बेसाल्टाची झीज होऊन ही माती बनली आहे. खोलगट भागात ती पुरुषभर खोल असते, तर माथ्यावर वीतभरही नसते, आणि तेथे नांगराचा फाळ मुरमाला लागतो. म्हणून गावे माथ्यावर वसलेली नाहीत. ती ओढ्याच्या कडेला, खाली, महामार्गाच्या दृष्टिआड आहेत, आणि रस्त्यावर त्यांची खूण म्हणून केवळ एक पाटी, दोन टपऱ्या आणि जीपची वाट पाहत उभी असलेली माणसे दिसतात. या भागात फाट्याला पाटीच म्हणतात. मुलूख निर्मनुष्य का भासतो याचा उलगडा मला अशाच एका पाटीवर झाला: आधुनिक रस्ता उंचवटा धरून जातो, गाव पाणी धरून राहते, आणि दोघांची गाठ पाटीवरच काय ती पडते.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. मोळ्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरच्या जोडगाड्या कारखान्यांकडे चालल्या होत्या आणि फडांच्या कडेला बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या होत्या. ज्या पठारावर पिण्याच्या पाण्याची ददात पडते, त्याच पठारावर सर्वांत अधिक पाणी पिणारे पीक सर्वांत अधिक भरवशाचे ठरावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करीत राहिली. त्याचे कारण शेतकऱ्याचा हव्यास नव्हे. उसाला ठरलेला भाव आणि ठरलेला गिऱ्हाईक आहे, इतर पिकांना तो नाही. आणि ज्याच्या विहिरीत थोडे पाणी आहे तो ते भरवशाच्या पिकालाच देणार.

औशाच्या दक्षिणेस किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावे गाढ झोपेत असताना, येथे जो भूकंप झाला त्यात आठ-दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि ५२ गावे पूर्णतः उद्ध्वस्त झाली. दख्खनच्या पठाराचा हा भाग तोवर भूकंपाच्या नकाशात सर्वांत निर्धोक पट्ट्यात दाखविला जात असे. हानी एवढी का झाली याचे उत्तर येथील घरांच्या रचनेत होते. उन्हाळ्याचा दाह आत येऊ नये म्हणून लाकडी सरांवर हातभर मातीचा थर देऊन केलेले माळवद आणि ते पेलणाऱ्या, दगड केवळ चिखलात बसवून रचलेल्या रुंद भिंती, ही रचना शेकडो उन्हाळ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेली होती. त्या पहाटे तीच माणसांवर कोसळली. पुनर्वसित गावे समांतर रस्त्यांची आणि सुट्या घरांची आहेत. त्यांतील एका गावात मी थांबलो तेव्हा दारात तुरीच्या शेंगा सोलीत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "घर पक्कं हाय बाबा, पर शेजार लांब गेला." जुन्या गावात एकाची भिंत ती दुसऱ्याची भिंत होती, नव्या गावात दोन घरांमध्ये नकाशाप्रमाणे अंतर सोडलेले आहे.

लातूरविषयी बरेच लिहिण्याजोगे आहे. पण या शहरात मी जे आवर्जून पाहिले ते गंजगोलाई. १९१७ साली बांधलेली ही वर्तुळाकार दुमजली बाजारपेठ, तिच्या मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि तिच्यापासून सोळा दिशांना फुटणारे सोळा रस्ते, अशी ही योजना निजामी अमलातील नगररचनेचा उत्तम नमुना आहे. एकेका रस्त्याला एकेका जिनसेचा व्यापार, आणि सर्वांचे केंद्र देवीपाशी. सोयाबीन आणि तूर यांच्या भावासाठी आज महाराष्ट्रभरचे शेतकरी लातूरच्या आडतीकडे डोळे लावून असतात आणि येथल्या दाळमिलांतील तूरडाळ दूरदूर जाते. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे हेच लातूर असे बहुतेक संशोधक मानतात. म्हणजे वेरूळचे कैलास लेणे खोदविणारे घराणे आपले मूळ या कोरड्या पठारावर सांगत होते.

आणि याच शहराला एप्रिल २०१६ मध्ये आगगाडीने पाणी आणावे लागले. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण आटले, तेव्हा मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून दहा टाक्यांची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. त्या गाडीला जलदूत असे नाव मिळाले. मिरज ते लातूर हा लोहमार्ग मुळात १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वे या अरुंद गाडीचा विस्तार होय. या पठारावरचा कापूस आणि गळिताचे धान्य खाली वाहून नेण्यासाठी ज्या वाटेने रूळ पडले, त्याच वाटेने एका शतकानंतर पाणी वर आले.

लातूर सोडले ती सकाळ मार्गशीर्ष अमावास्येची, म्हणजे वेळ अमावास्येची, येथील बोलीत येळवसची, होती. आष्टामोडपर्यंतचा एरवी गजबजलेला रस्ता असा निर्जन झाला होता की, माझ्याच गाडीचा आवाज मला दोन्ही बाजूंच्या तुरींतून परत ऐकू येत होता. दुकाने बंद, कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी, वस्त्यांत कुलपे. आणि शिवारे मात्र माणसांनी भरलेली. ज्वारीच्या हिरव्या पोटऱ्यांच्या वर रंगीत लुगडी आणि लाल-पिवळे पटके हलत होते, बांधाबांधांवर मोटारसायकली उभ्या होत्या, आणि डोक्यावर टोपली, टोपलीत मडके, मडक्यावर घोंगडीची घडी अशा चालीने आंबील शेताकडे निघाली होती. लातूर, धाराशिव आणि नांदेड या जिल्ह्यांत येळवस दिवाळीहून मोठी मानली जाते, आणि पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेला मुलगा दिवाळी चुकवील पण येळवस चुकविणार नाही, असे येथे अभिमानाने सांगतात. सरहद्दीपलीकडे कर्नाटकातही याच अमावास्येला एळ्ळु अमावास्या म्हणून रानात जेवणे होतात. राज्ये ज्या रेषेने वेगळी झाली त्या रेषेची ज्वारीला वार्ता नाही.

चाकूरच्या अलीकडे एका बांधापाशी मी ज्वारीचे ताट निरखण्यासाठी थांबलो, तोच आतून हाक आली. "कोण्या गावचे पाव्हणं? आज येळवस हाय, रानातून उपाशी जायचं नसतंय. गाडी लावा अन् या." नाही म्हणण्यास वाव नव्हता; त्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्याला जेवू घालणे हा विधीचाच भाग आहे.

शेताच्या मध्यभागी कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोपी उभारलेली होती, तिचे तोंड पूर्वेला होते, आणि आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून त्यांच्यासमोर नैवेद्य ठेवला होता. घरधनी आंबिलीचे पाणी पिकावर शिंपडीत शेताला प्रदक्षिणा घालीत होते, आणि मागून मुले अर्धे मराठी व अर्धे कानडी वाटणारे बोल मोठ्याने पुकारीत चालली होती. मग पंगत बसली. तूर, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा आणि हाती लागेल ती पालेभाजी बेसनात एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर आणि ताकात ज्वारीचे पीठ आंबवून, लसूण-आले घालून केलेली ती थंडगार आंबील: या जेवणात बाजारातून आणलेले मिठावाचून फारसे काही नसावे. अन्न ज्या शेतात पिकले त्याच शेतात बसून, त्या शेतालाच प्रथम वाढून मग खाणे, यातील कृतज्ञता शब्दांत बोलून दाखविण्याची तेथे कोणाला गरज वाटत नव्हती. गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध तापत ठेवले होते, आणि ते ज्या दिशेला उतू जाईल त्या दिशेला पुढल्या साली पीक चांगले, असा अदमास घेण्यासाठी सारे कुटुंब त्याच्याभोवती जमले होते.

जेवणानंतर बोलणे पिकांवर गेले. घरधन्यांनी कोपीच्या कडब्याकडे हात करून सांगितले की, या पेंढ्या शेजाऱ्याकडून मागून आणल्या आहेत. "पूर्वी समदी जवारीच असायची. आता सोयाबीन. सोयाबीन चार पैसे देतंय, पर बैलाच्या तोंडाला काय देतंय? भुसकट. कडब्याची सर त्याला येत नाय." ज्वारी हे पीक माणसाला दाणा आणि जनावराला वैरण देत असे, आणि जनावर शेताला खत व ओढ देत असे, हे चक्र शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत रान मोकळे करते, त्याला आडतीत रोख पैसा मिळतो, आणि त्याच्यामागून हरभरा घेता येतो; म्हणून ते आले. ते येताच कडबा घटला, कडब्यामागून बैल गेले, आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आली. बांधावर उभ्या असलेल्या त्या गाड्यांकडे मी तोवर सणाची शोभा म्हणून पाहत होतो. आता त्यांत मला एक अर्थव्यवस्था दिसू लागली. दुधाची कॅन, खताची गोणी, शाळेची मुले, दवाखान्यात न्यावयाची म्हातारी, हे सारे पूर्वी बैलगाडीने किंवा पायी होत असे, आणि पाटीपासून गावापर्यंतची जी वाट कोणतीही बस चालत नाही ती वाट आज दुचाकी चालते. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून तो पिकाभोवती फिरवितात. तो पाहून मी चाकुरात शिरलो, तेव्हा चोहोबाजूंच्या अंधारात तसेच जाळ फिरताना दिसत होते.

चाकूर हे तालुक्याचे ठिकाण. लोकसभेचे १९९१ ते १९९६ या काळातील अध्यक्ष आणि पुढे देशाचे गृहमंत्री झालेले शिवराज पाटील चाकूरकर यांच्या आडनावाने हे नाव दिल्लीपर्यंत गेले, आणि सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे असल्यामुळे देशभरचे तरुण या माळावर कवायत करतात. समुद्र आणि सरहद्द या दोहोंपासून इतक्या दूर असलेल्या गावी सरहद्दीचे शिक्षण मिळावे, याचे प्रथम आश्चर्य वाटते. सलग मोकळी जमीन येथे विपुल आहे, हे पाहिल्यावर ते मावळते. लातूर रोड हे जंक्शनही याच तालुक्यात असून, परळी-विकाराबाद मार्गावरून लातूरकडे वळणाऱ्या गाड्या येथून फुटतात.

मला मात्र वडवळ नागनाथला जावयाचे होते. या गावाजवळच्या टेकडीला संजीवनी बेट किंवा वनस्पती बेट म्हणतात. हनुमंताने द्रोणागिरी नेताना त्याचा एक तुकडा येथे पडला अशी लोकश्रद्धा आहे, आणि औषधी वनस्पतींच्या शोधात वैद्य आणि रुग्ण पावसाळ्यात लांबून येथे येतात. मी गेलो तेव्हा हिवाळा असल्यामुळे बहुतेक झुडपे वाळली होती, गवत पिवळे पडले होते, आणि ज्याला ओळख नाही त्याला ही टेकडी सभोवतालच्या कोणत्याही मुरमाड टेकडीसारखीच दिसली असती. वर चढताना भेटलेला एक गुराखी मात्र प्रत्येक काटकीजवळ थांबून ती कशावर चालते हे सांगत होता. नांगर आणि चराई यांपासून श्रद्धेमुळे वाचलेल्या जमिनीत मूळचे रान किती टिकून राहते, याचा हा पुरावा आहे. सभोवतालचे माळही पूर्वी असेच असावेत, हा विचार तेथे अपरिहार्यपणे मनात येतो.

वडवळच्या परिसरात घरणी नदी उगम पावते. तिचा पुढील प्रवास मी नकाशावर बोट ठेवून पाहिला आणि थक्क झालो. घरणी दक्षिणेकडे जाऊन मांजरेला मिळते. मांजरा कर्नाटकात बीदरकडून वळसा घेऊन तेलंगणात शिरते, आणि अखेरीस उत्तरेकडे वळून कंदकुर्तीला गोदावरीस मिळते. कंदकुर्ती नांदेडच्या खाली आहे. म्हणजे चाकूरच्या रानात पडलेला पाऊस ज्या गोदावरीकडे जातो, ती मोटारसायकलीने काही तासांच्या अंतरावर असताना तो तीन राज्ये हिंडून तेथे पोहोचतो. आणि वाटेत त्याला अडविले कोठे? १९२३ ते १९३१ या काळात निजाम सरकारने मांजरेवर निजामसागर बांधला, आणि त्या पाण्यावर निजामाबादकडील भातशेती आणि बोधनचा साखर कारखाना उभा राहिला. ज्या मराठी मुलखातून हे पाणी वाहत जाई त्या मुलखाच्या वाट्याला त्या राज्यात तलाव, बारव आणि आडच राहिले. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा आज विधिमंडळात आकड्यांनी होते. तिचा एक उगम या नदीच्या वळणात आहे.

शिरूर ताजबंद आणि अहमदपूर ही गावे मी थांबल्याविना ओलांडली. या टप्प्यात रस्ता मोठमोठ्या लाटांनी चढतो-उतरतो, काळी जमीन जाऊन तांबूस मुरूम वर येतो, आणि एका चढावरून पुढची तीन-चार उतरंडीची माळराने एकदम दृष्टीस पडतात. गाडी चालविण्याचा निर्भेळ आनंद या भागात मला जितका लाभला तितका संपूर्ण प्रवासात इतरत्र लाभला नाही. वारा समोरून, ऊन पाठीवर, आणि रस्त्यावर घोड्यांचे टेंपो. कारण माळेगावची यात्रा भरली होती.

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते आणि पुढे काही दिवस चालते. देवस्वारी, वाघ्या-मुरळी, कुस्त्यांची दंगल, लावणीचे फड, नांदेड जिल्हा परिषदेचे कृषी प्रदर्शन, हे सारे तेथे आहे. पण यात्रेचा प्राण जनावरांच्या बाजारात आहे. घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचे वेगवेगळे तळ पडतात, आणि उमद्या घोड्याच्या सौद्यात दोन्ही बाजूंचे हात उपरण्याखाली जाऊन बोटांच्या दाबाने किंमत ठरते, ती भोवतीच्या गर्दीला कळत नाही. याच पट्ट्यातील दोन नामांकित गोवंश येथे एकत्र पाहावयास मिळतात. कंधारकडील लाल कंधारी गडद तांबड्या रंगाची, काटक आणि ओढकामाला चिवट. तर उदगीर-देवणीकडील देवणी पांढऱ्या अंगावर काळ्या छटांची, दूध आणि काम दोन्ही देणारी. देवणीत पुन्हा वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे भेद असून ते अंगावरच्या काळ्या रंगाच्या ठेवणीवरून ओळखतात. एका पशुपालकाने आपल्या वळूच्या तोंडाच्या बाजूस असलेला काळा रंग दाखवून हा वानेरा का, हे मला ज्या उत्कटतेने समजावले, त्यावरून त्याचा त्या जनावराशी असलेला संबंध व्यवहाराच्या पलीकडचा होता हे उघड झाले. दुष्काळात तग धरणारे हे वंश म्हणजे या पठारावरच्या पाण्याच्या तुटवड्याला शेतकऱ्याने दिलेले पिढीजात उत्तर आहे, आणि बैलाचे काम सरल्यामुळे आज ते केवळ हौसेच्या आणि बक्षिसाच्या बळावर उभे आहे, याची मला खंत वाटली.

यात्रेच्या कडेला भटक्या जमातींच्या पालांची वेगळीच नगरी होती. वैदू, घिसाडी, गोसावी आणि इतर अनेक समाज वर्षभर मुलूखभर पांगलेले असतात, आणि सोयरिकी जुळविणे, देणी-घेणी मिटविणे व तंटे सोडविणे यांसाठी माळेगाव हे त्यांचे संमेलनस्थान ठरले. जातपंचायती येथे उघड बसत. बहिष्काराचे शस्त्र त्यांनी अनेकदा क्रूरपणे वापरले, आणि म्हणून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला २०१६ चा कायदा मला सर्वथैव योग्य वाटतो. परंतु ज्यांना घर नाही, सातबारा नाही, आणि ज्यांच्यापैकी कित्येकांना इंग्रजी अमलातील कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवून १९५२ पर्यंत हजेरीला बांधले होते, त्यांना एकमेकांना भेटण्यासाठी देवाच्या यात्रेखेरीज दुसरी जागा कोणी दिली होती? खंडोबाने ती दिली.

माळेगावहून मी कंधारला वळलो. मन्याड नदीच्या खोऱ्यातील हा भुईकोट किल्ला राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंत अनेक राजवटींनी वापरला, वाढविला. तटाभोवतीच्या रुंद खंदकात हिवाळ्यातही पाणी होते, हे पाहून समाधान वाटले. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, दहाव्या शतकातला, शिलालेख येथे मिळाला असून त्यात मंदिरे आणि लोकोपयोगी दाने यांचे उल्लेख येतात. जवळच जगत्तुंग सागर आहे, राष्ट्रकूटांच्या बिरुदाचे नाव धारण करणारा तलाव. मानसपुरीच्या परिसरात एका प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे भग्न अवयव सापडले आहेत. नुसते पाऊल पाहूनच ती अखंड असताना केवढी असेल याच्या कल्पनेने मन दबून जाते. क्षेत्राचे रक्षण करणारा देव एवढा विशाल घडविणारे लोक आपल्या क्षेत्रात तलावही तसाच विशाल खोदीत, आणि मूर्ती भंगली तरी तलावाने आपले काम सोडलेले नाही. त्याच्या पाळीवर धुणे धुणाऱ्या बायकांना राष्ट्रकूट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते हे त्यांना अचूक ठाऊक होते.

कंधार-लोह्यानंतर पठार उतरू लागते. हवा ऊबदार होते, केळीच्या बागा दिसू लागतात, आणि रस्त्यावर पंजाबी पाट्यांच्या बसगाड्या भेटतात. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला आणि गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपविले. पुढे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात, स्वतःच्या राज्यापासून शेकडो कोसांवर, निजामाच्या मुलखात, सचखंड गुरुद्वाराची आजची वास्तू बांधविली. लंगरमध्ये माझ्या एका बाजूला अमृतसरकडचे कुटुंब बसले होते आणि दुसऱ्या बाजूला मुखेड तालुक्यातील दोन शेतमजूर, आणि वाढणाऱ्याने सर्वांना सारख्याच आग्रहाने वाढले.

नांदेडच्या दक्षिणेस, लातूरच्याच रस्त्यावर, विष्णुपुरीला गोदावरी अडवून शंकरसागर जलाशय केला आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसरही तेथेच आहे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तेथे परत गेलो. हा उपसा सिंचनाचा प्रकल्प आहे: नदी खाली आणि रान वर असल्यामुळे धरणाचे पाणी आपोआप कालव्यात जाऊ शकत नाही, ते विजेच्या पंपांनी उचलून उंचावर सोडावे लागते, आणि तेथून ते कालव्याने रानांकडे चालते. पंप चालावेत म्हणून वीज हवी, विजेचे देयक भरावयास पैसा हवा, आणि उन्हाळ्यात नांदेड शहराच्या पिण्यासाठी पाणी राखून मगच शेताचा विचार होतो. कालव्याच्या कडेने काही अंतर गेल्यावर हळदीच्या वाफ्यात काम करणारा एक तरुण भेटला. पाणी नियमित मिळते का, असे विचारले तेव्हा त्याने हातातले खुरपे खाली ठेवले. "साहेब, पाळी सुटली की हेडवाल्यांचं भागतंय. आम्ही मधले. टेलवाल्यांना इचारा, त्यांचं पाणी वाटंतच मुरतंय." मग त्याने टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटची, गावे कोणती आणि तिकडे जाण्याची वाट कशी, हे मला कालव्याच्या भरावावर काडीने रेघा ओढून दाखविले, आणि मी गाडी तिकडे वळविली.